आणि बीएसडीचं काय?

लेखातली सिनेमांची यादी छान आहे, पण 'रिव्होल्यूशन ओएस' (2001) या माहितीपटात मुक्त (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या) संगणक प्रणालींचा 'संपूर्ण इतिहास' आहे हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. रंगतदार आहे, वाद नाही. 1999 मध्ये ग्नू ही मुक्त प्रणाली सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनच्या संस्थेला पुरस्कार मिळतो, तोही लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सच्या नावाचा! ग्नूचं श्रेय लिनक्सला जातं म्हणून आधीच वैतागलेला माणूस तो घ्यायला मंचावर येतो, हे बघाच.

पण युनिक्स या जुन्या प्रणालीवरून बर्कली विद्यापीठात घडलेल्या बीएसडीच्या वाट्याला त्यात फारसं काही येत नाही. 1992 मध्ये एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या युनिक्स कंपनीने बीएसडीत आपला कोड असल्याचं म्हणत ती विकणाऱ्या कंपनीवर खटला भरला. 1994 मध्ये तडजोड झाली, तेव्हा सुमारे 18,000 फायलींपैकी काढाव्या लागल्या फक्त तीन! एवढ्यासाठी दोन वर्षं लोक बिचकून राहिले आणि नेमकं त्याच काळात लिनक्सने मैदान मारलं. 386बीएसडी (साध्या पीसीवर चालणारी बीएसडी) आधी मिळाली असती तर लिनक्स बहुधा लिहिलंच नसतं, असं खुद्द टोरवाल्ड्सने 1993 च्या एका मुलाखतीत सांगितलंय. या खटल्यावर कोणी सिनेमा काढला तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन. (थिएटरात आम्ही चारच जण असू, ते सोडा.)