‘पावसाळ्यात ऊन नाही, मग सोलरवर गाडी कशी चालणार?’ या मेसेजला उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कोकणात चार महिने ऊन नसतं, म्हणून घरच्या सोलरवर इलेक्ट्रिक गाडी चार्ज होणं शक्यच नाही. ऊन असतं तेव्हा गाडी कामावर असते. लाइट गेली की सोलरही बंद. खाऱ्या वाऱ्याने पॅनल पाच वर्षांत गंजतात. आणि पॅनल बनवायलाच त्यातून मिळते त्यापेक्षा जास्त वीज लागते. यातला एक मुद्दा खरा आहे, एक अर्धा खरा, बाकीचे साफ चूक. लोक हे वाचून ठरलेला बेत रद्द करतायत, म्हणून सविस्तर लिहितोय.

चार महिने ऊन नाही. झड लागली की उत्पादन निम्म्याच्याही खाली जातं, हे मान्य. पण हिशेब जुलैचा नाही, वर्षाचा मांडायचा. आपल्याकडे पॅनलच्या १ किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला साधारण ४ युनिट पडते. म्हणजे ३ किलोवॅटच्या सिस्टीमचे वर्षाला चार हजारांच्या वर. मध्यम आकाराची गाडी एका युनिटात ६-७ किलोमीटर जाते. रोज ४० किलोमीटर धरले तर चार्जिंगमधली गळती धरून ७ युनिट, वर्षाला अडीच हजार. उरलेले दीड हजारांहून जास्त घराला. घरात एसी असेल तर ३ किलोवॅट पुरणार नाहीत, तेवढं आधीच धरून चला.

नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे सोलरने लाइनला दिलेली आणि आपण लाइनवरून घेतलेली वीज यांची वजाबाकी करून बिल येतं त्या पद्धतीत, उरलेले युनिट पुढच्या बिलात जमा होतात आणि हे खातं १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला मिटतं. कोकणाला हे वेळापत्रक फार सोयीचं आहे. एप्रिल-मेच्या कडक उन्हात शिल्लक पडलेले युनिट जून ते सप्टेंबरमध्ये वापरता येतात. मार्चअखेर उरलेल्यांना मात्र फार कमी दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठी सिस्टीम घेऊ नका.

गाडी दिवसा बाहेर. याचंही उत्तर तेच. दिवसाचे युनिट ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला जातात, रात्रीचे त्यातून वजा होतात. सध्याचा नियम अर्ज करताना महावितरणकडून विचारून घ्या, एवढंच.

लाइट गेली की सोलर बंद. हा मुद्दा खरा. साधा ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा, बॅटरी नसलेला) लाइट जाताच मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने रायगड आणि दापोली-मंडणगडची वीज कितीतरी दिवस घालवली, तेव्हा अशा सोलरचा उपयोग शून्य होता. ज्याच्या वाडीत लाइट सारखी जाते त्याने हायब्रिड, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरीचा खर्च धरावा. काही गाड्यांना मात्र बाहेर वीज देण्याची सोय असते. टाटाच्या २०२३ पासूनच्या नेक्सॉन ईव्हीच्या काही मॉडेलांत ती आहे. ३० युनिटची बॅटरी भरलेली असेल तर दिवे, पंखे आणि फ्रिज एक-दोन दिवस आरामात चालतात.

खारा वारा. अर्धं खरं. पॅनलची काच आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट टिकते, फक्त खाऱ्या हवेच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागून घ्या. गंजतो तो खालचा सांगाडा. साधा लोखंडी अँगल रंगवून लावला असेल तर दोन पावसाळ्यांत नटाभोवती तांबूस ओघळ दिसतात. गॅल्व्हनाइज्ड (झिंकचा थर दिलेला) सांगाडाही जिथे कापला किंवा भोक पाडलं, तिथूनच सुरुवात होते. त्या जागी झिंकचा रंग आणि स्टेनलेसचेच नट-बोल्ट, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

बनवायला जास्त वीज. चूक. ती वीज दोन-तीन वर्षांच्या आत वसूल होते. पॅनल पंचवीस वर्षं चालतं.

खरी अडचण मेसेजमध्ये आलीच नाही: माड. कोकणात घर म्हणजे भोवती माड, आंबा, फणस. एका झावळीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्याच्या ओळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन घसरू शकतं. छप्पर बघायला माणूस आला की त्याला सकाळी नऊ आणि दुपारी तीनची सावली दाखवा, तीसुद्धा डिसेंबरमधली कुठवर येते ते सांगून. कौलारू घर असेल तर कौलांच्या नादी न लागता अंगणातल्या मांडवावर किंवा पडवीच्या स्लॅबवर जागा शोधा. ३ किलोवॅटला ३०० चौरस फूट लागतात.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही, आणि अर्थिंग कच्चं असेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून चार्जिंगच नाकारतो. लोक गाडीला दोष देतात. गाडी घेण्याआधी चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, तेही मे महिन्यात, कारण ओल्या जमिनीत आकडा चांगलाच येतो.