झाडाचीच गोळी, एखादी जास्त झाली तर काय होतं?

मावशीने काकांच्या गोळ्यांच्या डबीतले शनिवार-रविवारचे कप्पेही भरायला सुरुवात केली, तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. काकांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना डिगॉक्सिन चालू आहे. पाच दिवस गोळी, दोन दिवस सुट्टी, ही आपल्याकडची जुनी पद्धत. ती सुट्टी मावशीने परस्पर रद्द केली, कारण तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड.

तो थोडक्यात असा: डिगॉक्सिन झाडापासून बनतं, म्हणून एखाद-दुसरी गोळी जास्त झाली तरी अपाय नाही. ओव्हरडोस झाला तर माणूस गुंगतो, श्वास मंदावतो. जागा असेल, बोलत असेल तर काळजी नको, मीठपाणी पाजून उलटी काढा आणि झोपू द्या. ईसीजी आणि रक्ततपासण्या हा हॉस्पिटलवाल्यांचा धंदा. शिवाय दारातल्या पिवळ्या कण्हेरीत हेच औषध फुकट मिळतं. खाली तीन वेळा जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

आधी ‘जागा आहे ना, मग झालं’ हे घेतो, कारण हेच वाक्य आमच्या घरात बसून मी ऐकलं. आठवड्याला पाचऐवजी सात गोळ्या म्हणजे 40 टक्के जास्त. त्यात काकांना जुलाब झाले, पाणी कमी पडलं. डिगॉक्सिन शरीराबाहेर जातं ते मुख्यतः मूत्रपिंडातून; तिथलं काम मंदावलं की ते रक्तात साचत जातं. काकांचं जेवण तुटलं, मळमळ सुरू झाली. एका संध्याकाळी म्हणाले, “ट्यूबलाइट पिवळी का दिसतेय?” मी मनगट धरून घड्याळ लावलं. मिनिटाला 42, तेही मध्येच एखादा ठोका गाळून. आणि काका टक्क जागे, मला मॅचचा स्कोअर विचारत होते. मावशी म्हणाली, “बघ, बोलतायत की चांगले!”

झोपेच्या गोळ्या, अफूच्या जातीची औषधं यांच्याबाबत गुंगी आणि श्वासाचं म्हणणं खरं आहे, तेवढं मान्य. पण डिगॉक्सिन घाव घालतं ते हृदयाच्या विजेवर. पेशीतलं सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो, त्याला ते अडवतं. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढतं आणि ठोका जोरकस पडतो. हाच औषधाचा गुण. मात्रा वाढली की तेच कॅल्शियम भलत्या वेळी जादा ठोके काढायला लागतं, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली येणारा संदेश वाटेतच अडकतो. हा गोंधळ चालू असताना माणूस गप्पा मारू शकतो. नुसत्या चेहऱ्यावरून तो ओळखता येत नाही, ईसीजीवर दिसतो. म्हणून ईसीजी ‘धंदा’ नाही. पोटॅशियमची तपासणीही ‘धंदा’ नाही: लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलं की एरवी चालणारी मात्राही बाधू शकते. आणि हे एकट्या डिगॉक्सिनचं नाही: जुलाब थांबवणारी साधी लोपेरामाइडसुद्धा बेसुमार घेतली तर ठोक्यांची लय जीवघेणी बिघडवते; अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रण संस्थेने 2016 मध्ये तसा इशाराच दिला होता.

आता झाड. हो बाबा, झाडापासूनच. शेक्सपियरच्या देशातल्या विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरने हे औषध ज्या झाडापासून आलं त्या फॉक्सग्लोव्हच्या पानांवर दहा वर्षं काम केलं. 1785 मध्ये त्यानेच लिहून ठेवलं की मात्रा वाढली तर उलट्या होतात, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसतात, नाडी 35 पर्यंत उतरते, माणूस मरतोही. काकांच्या ट्यूबलाइटची नोंद सव्वादोनशे वर्षांहून जुनी निघाली! आजही रक्तात मिलिलिटरमागे 0.5 ते 0.9 नॅनोग्रॅम पुरतं आणि 2 च्या वर गेलं की विषबाधेची शंका घेतात. एवढी अरुंद वाट असलेल्या औषधाला ‘एखाद-दुसरी’ म्हणायचं?

पिवळ्या कण्हेरीचं वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. ही आपली बिट्टी. तिच्यात डिगॉक्सिनच्या भावकीतलीच विषं असतात, हे खरं. पण कुठल्या झाडात किती, याला माप नाही. श्रीलंकेत या विषबाधेने इतके लोक दगावत होते की तिथे रीतसर चाचणी झाली, 2000 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ठोके बिघडलेले 66 रुग्ण. निम्म्यांना डिगॉक्सिनवरचा प्रतिविषाचा डोस, बाकीच्यांना नुसतं सलाइन. प्रतिविष मिळालेल्यांची लय झपाट्याने सुधारली. म्हणजे डिगॉक्सिनचा उतारा बिट्टीवर चालला, इतकं नातं जवळचं. जिच्या विषावर उतारा द्यावा लागतो तिचा काढा ‘फुकटचं औषध’ म्हणून पाजायचा! तो उतारा महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही, हे फॉरवर्डवाल्याला कोण सांगणार.

मीठपाणी पाजू नका, एवढंच. रक्तातलं मीठ वाढून त्यानेच माणसं गेली आहेत. गोळ्यांची पाकिटं हातात घ्या आणि 108 ला फोन करा.

काकांची गोळी बंद करून दोन दिवस मॉनिटरवर ठेवलं, नाडी 64 वर आली. मावशीने ग्रुपवर काही लिहिलं नाही. तिथे त्या फॉरवर्डखाली अजून अंगठे येतायत. शनिवार-रविवारच्या कप्प्यांत तिने आता बडीशेप भरून ठेवली आहे.