आमच्या घरचा सीमावाद

बायकोच्या भावाचा पोरगा कुठल्याशा प्रोजेक्टात आहे, त्यांनी बेळगावच्या जुन्या पेठेचा डिजिटल नकाशा केलाय, बोटानं सरकवायचा, खाली वर्षांची पट्टी, ती मागं ओढली की जुनं गाव दिसतं म्हणे. "मामा, तुम्ही जुनी माणसं, जरा बघून चुका काढा की." चुका काढायला सांगायला आपण होऊन कोण घरी येतंय हो, मी चष्मा पुसून बसलोच.

पहिल्यांदा अंगठा ठेवला तर गणपत गल्ली, मारुती गल्ली आणि खडे बाजार तिन्ही अंगठ्याखाली गेले. बोटं फाकवली तर थेट किल्ल्याच्या खंदकात. कमल बस्तीची खूणपण तिथंच पडलेली, पाण्यात. आठशे वर्षांचं देऊळ, कोरडं ठेवायला काय जात होतं? मग मराठीचं बटण दाबलं. खडे बाजारचा 'खाडे बाझार' झाला, माळी गल्लीची 'माली गल्ली'. हे इंग्रजीवरून उचललंय हे शेंबडं पोरपण सांगेल.

बरं, खडे बाजार दोन. एक बेळगावात, एक शहापुरात. ह्यांनी दोन्ही एकच समजून मधनं ठिपक्यांची सरळ रेघ मारलीय, रेल्वेच्या रुळावरनं, चालत 4 मिनिटं! तिथं फाटक होतं तेव्हा गाडी यायची म्हणून उभं राहण्यात आमची अर्धी जवानी गेली, आणि हे म्हणे 4 मिनिटं.

पट्टी 1924 वर आणली. टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष, आयुष्यात तेवढे एकदाच, हे बरोबर दिलंय. अधिवेशनासाठी खणलेली विहीरपण आहे, पण टिचकी मारली की माहितीची चौकट नेमकी विहिरीवरच येऊन बसते, झाकण घातल्यागत. आणि कपिलेश्वरचा उड्डाणपूल 1924 लाही जसाच्या तसा. मला आपलं टांगे पुलावरनं चाललेत असं दिसायला लागलं आणि हसू आवरेना, म्हणून बायको पोळ्या टाकून बाहेर आली.

तिनं लाटणं हातात ठेवूनच बघितलं. बेळगाव हिरवं, शहापूर पण हिरवं.

"काय करूलालास रे हे? शहापूरचा असून?" भाच्याला. मग माझ्याकडं वळून, "अहो, 1924 ला शहापूर बेळगावात कुठलं? आम्ही सांगली संस्थानचे, पटवर्धनांचे. तुम्ही इंग्रजाचे, मुंबई इलाख्यातले. रंग वेगळा पायजे."

हे खरंच होतं, पण नवऱ्यानं लगेच कबूल करायचं नसतं. मी म्हटलं, "अगं, संस्थान विलीन झालं 1948 ला, मधे नुसता रूळ, सोड की आता."

"तुम्ही 1956 चं सोडलंय काय?"

ह्यावर काय बोलणार. 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातलं म्हणून दर वर्षी 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळून दंडाला काळी फीत बांधणारा माणूस मी, चहाच्या कपात बघत बसलो. पोळी करपल्याचा वास येत होता पण कुणी उठेना.

शेवटी अभिप्रायाचा फॉर्म तिनंच भरला. तुमचा भाग निवडा, म्हणून यादी आली, त्यात किल्ला, कँप, टिळकवाडी सगळं, शहापूरच नाही. भाचा म्हणाला, आत्या, 'इतर' दाब की. तिनं दाबलं. खाली रिकामी चौकट उघडली, 'इतर असल्यास लिहा'. पिठाच्या बोटानं एकेक अक्षर शोधत तिनं लिहिलं, सांगली संस्थान.