योजना लई झाल्या, आता शाळेत एक माणूस द्या

जून लागला की आमच्या सेंटरवर पाय ठेवायला जागा नसते. बीड जिल्ह्यातल्या धारूर-केज पट्ट्यातलं बाजाराचं गाव, त्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र, एक प्रिंटर, एक थम्बची मशीन आणि बाहेर बाकड्यावर टेकलेले आईबाप. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा, नॉन क्रिमिलेअर, बँकेला आधार लिंक, सगळ्यांना सगळं एकाच महिन्यात पाहिजे. म्हणून कुणी म्हणलं ना की सरकार गोरगरिबाच्या लेकरासाठी काहीच करत नाही, तर मला ते पटत नाही. लई करतं. इतकं करतं की मलाच सगळं पाठ नाही, आणि माझं तर पोटच त्याच्यावर चालतं.

पुस्तकं, गणवेश, खिचडी हे तर जुनं झालं. मुलगी झाली तर लेक लाडकी आहे. पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड आणि १ एप्रिल २०२३ नंतरचा जन्म पाहिजे, मग जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाली की ७५,०००. आठवीला एनएमएमएसची शिष्यवृत्ती परीक्षा निघाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,०००. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह, आईबाप तोडणीला गेल्यावर गावातच राहायला हंगामी वसतिगृह वेगळं, आईबापासोबत गेलेल्या लेकराला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड वेगळं. आणि आईबापापैकी एक जण जरी नसेल तरी बालसंगोपन योजनेचे पैसे, एका लेकराला आधी महिन्याला १,१०० होते ते आता २,२५० झालेत.

या बालसंगोपनाचंच बघा. मागं एक आजी आली, कॅरीबॅगमधी कागदं, वरून दोरा गुंडाळलेला. काम दुसरंच होतं, वारस नोंदीसाठी पोराच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स पाहिजे होती. सोबत दोन नातवंडं, गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत. सून ऊसतोडीच्या टोळीसोबत कारखान्याला गेलेली. मी सहज विचारलं, मावशी, लेकरांचं बालसंगोपनचं चालू आहे ना? म्हातारी म्हणली, "ते काय आस्तंय बाप्पा?" पोराला जाऊन तोवर बराच काळ लोटला होता. दोन लेकरांचे महिन्याला ४,५०० होतात, ज्या घरात टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची बाकी आहे त्या घरात ही रक्कम काय असती ते आमच्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. आणि हे पैसे मागचे मिळत नाहीत बरं का, अर्ज मंजूर झाल्यावरच चालू होतात.

आता यात चूक कुणाची म्हणावी? आजीची तर नाहीच. शाळेला माहीत होतं की या लेकरांना बाप नाही, हजेरीवर नाव घेताना रोजच माहीत होतं. ग्रामपंचायतीनं मृत्यूची नोंद घेतली. अंगणवाडीताईला माहीत, आशाताईला माहीत. सगळ्यांना सगळं माहीत असून अर्ज भरायचं काम कुणाच्याच वाट्याला नाही.

सरांना नावं ठेवून उपयोग नाही. दोन मास्तर आणि चार वर्ग अशी शाळा, त्यात ऑनलाईन हजेरी, यू-डायसवर शाळेची माहिती, खिचडीची माहिती, वाचन-गणिताच्या निपुणच्या चाचण्या, आणि कुठल्या तरी ग्रुपवर "आजच भरून पाठवा" आलेलंच. सर कधी कधी माझ्याकडं येऊन लिंक उघडून घेतात. त्यांना अजून एक योजना दिली तर ते शिकवणार कधी?

एनएमएमएसचा तर किस्साच वेगळा. पोरगी हुशार, आठवीत नंबर काढला, घरादाराला आनंद. पण हे पैसे चारी वर्षं आपोआप येत नाहीत, दरवर्षी पोर्टलवर रिन्यूअल टाकावं लागतं, आणि ओटीपी जातो बापाच्या मोबाईलवर, बाप कोल्हापूरकडं उसाच्या फडात. फोन लावला तर लागत नाही, लागला तर हातात कोयता, आणि ओटीपी सांगेपर्यंत त्याची वेळ संपलेली. संध्याकाळी परत. वर आधारवर एक नाव आणि शाळेच्या रजिस्टरला दुसरं, कुठं बापाचं नाव मधी तर कुठं आडनाव आधी, की झालं! माझ्या डोळ्यासमोर पोरींचं एकेक वर्ष गेलेलं आहे अशा फालतू कारणांनी. बुद्धीनं मिळवलेलं मोबाईल नंबरपायी जातं.

बरं, सगळंच रडगाणं नाही. दोन गोष्टी मला मनापासून आवडल्या.

एक म्हणजे एसटीचा पास. आधी पोरं पाससाठी डेपोत रांगा लावायची, शाळा बुडायची, बोनाफाईड विसरलं की परत हेलपाटा. जून २०२४ मध्ये महामंडळानं "एसटी पास थेट तुमच्या शाळेत" सुरू केलं. शाळेनं यादी द्यायची आणि पास शाळेतच. पोरींना अहिल्यादेवी होळकर योजनेत बारावीपर्यंत प्रवास फुकट होताच, बाकीच्यांना तिसरा हिस्सा भाडं होतंच. योजनेत काही बदललं नाही, फक्त खिडकी उठून शाळेत आली.

दुसरी गोष्ट शाळापूर्व तयारीचं "पहिले पाऊल". पहिलीला येणाऱ्या लेकरांचा मेळावा भरतो आणि गल्लीतल्या आयांचे गट करतात. त्यात एक लीडर माता, तिच्या मोबाईलवर छोटे व्हिडिओ येतात, आणि घरातल्याच बांगड्या, चमचे, डाळी घेऊन आया लेकरांना मोजायला, जोड्या लावायला शिकवतात. आमच्या गल्लीत चौथी शिकलेली एक बाई लीडर माता आहे, तिच्या ओट्यावर लेकरं जमतात तेव्हा बघा, कुठल्या इंग्लिश मीडियमच्या नर्सरीला ऐकणार नाही. इथंही तेच झालं, काम घरापर्यंत चालत आलं.

मग माझं म्हणणं एवढंच आहे. वर्षभर नवीन योजना काढू नका, आहे त्या लोकांच्या हातात पडण्यासाठी प्रत्येक केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत, एक माणूस बसवा. मास्तर नको, वेगळा माणूस. त्याचं काम एकच, केंद्रातल्या शाळा फिरायच्या, कुठल्या लेकराला काय लागू होतं ते बघायचं आणि अर्ज मंजूर होईस्तोवर पाठ सोडायची नाही. माणसं नाहीत असं म्हणू नका. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीवाल्या पोरांना महिन्याला १०,००० देऊन शाळेत, कार्यालयात बसवलं होतंच की. सहा महिन्याचं नंतर अकरा महिने केलं आणि मुदत संपली तशी पोरं घरी. त्यातली कितीतरी पोरं कॉम्प्युटरवर माझ्यापेक्षा फास्ट आहेत. त्यांनाच हे काम शिकवून कायम ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

(माझं गिऱ्हाईक कमी होईल, हो. होऊ द्या. सातबारा आणि पीकविम्यावर भागतं माझं.)

अजून एक, दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा बाँड लागत नाही, २०२५ मध्येच तो माफ केलाय, साध्या कागदावर चालतं. तरी लोकं बाँड घेऊनच येतात, कारण कुणी तरी सांगितलेलं असतं. ही गोष्ट शाळेच्या बोर्डावर खडूनं लिहिली तरी गावाचे किती पैसे वाचतील.

तोवर शाळा व्यवस्थापन समितीतल्या लोकांनी तरी हलावं. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असतात, ते काय नुसत्या सह्या करायला? टोळ्या दिवाळीच्या आगंमागं निघतात. त्याच्या आधीच्या मिटिंगला एकच विषय घ्या, कुणाचं लेकरू जाणार, कुणाचं आजीपाशी राहणार, कुणाला बाप नाही, कुणाला आई नाही.

आणि बालसंगोपनवाले कुणी ओळखीत असतील तर माझ्याकडं धाडा. मृत्यूचा दाखला, लेकराचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, आणि घरासमोर उभं राहून लेकराचा पालकासोबत काढलेला फोटो. फोटो नसेल तर मी येऊन काढतो. बाकी कामाचे पैसे घेतो मी, या फॉर्मचे घेत नाही.