टेकवायचं नेमकं कुठं?

'कार्ड नुसतं टेकवा, काम झालं' असं दुकानात कार्ड मशीनला टेकवून पैसे देण्यावरच्या लेखात वाचलं. आमच्या शहापुरात (बेळगावचं, यादगीरचं नव्हे) परवा आईनं दुकानातल्या मशीनला कार्ड तीनदा लावलं. टेकवायची खूण स्क्रीनच्या वर बारीक, ही लावतीय खाली. एनएफसीचा, म्हणजे कार्ड ज्या बिनतारी तंत्रानं मशीनशी बोलतं त्याचा, पल्ला जेमतेम ४ सेंटिमीटर, जागा चुकली की संपलंच. ती जागा ठळक दाखवायला काय जातं? शिवाय नुसत्या 'बीप'वर तिचा विश्वास नाही. क्यूआरचा साउंडबॉक्स कन्नडात रक्कम बोलतो, आकड्यांपुरतं कन्नड तिला पक्कं कळतं, म्हणून तोच बरा वाटतो. पिनशिवाय एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतात, २०२१ पासून तशी मुभा आहे म्हटल्यावर तर तिनं कार्ड बटव्यात घातलं आणि नोट काढली.