आवेदन म्हणजे एफआयआर नाही: एका कॉमेंटला उत्तर

दादा, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. इंदूरात बसून मी ग्रामीण पोलिसांची वकिली करतो असं तुम्ही लिहिलंय, आणि तुमच्या काकांच्या विहिरीवरची वीस हजारांची केबल कापून नेली तेव्हा थान्यात साध्या कागदावर आवेदन, म्हणजे नुसता अर्ज, घेऊन त्यांना परत पाठवलं. मी मागच्या पोस्टमध्ये फक्त स्टाफ कमी, एरिया मोठा हेच लिहीत बसलो, आवेदनाचं नावच काढलं नाही, चूक माझी.

वीस हजारांची चोरी म्हणजे सरळ दखलपात्र गुन्हा. २०१३ मध्येच ललिता कुमारी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अशी एफआयआर लिहावीच लागते, मग थान्यात माणसं दोन असोत की वीस.

पण एरिया मोठा, अंतरं लांब, हे मी मागे घेणार नाही. डिसेंबर २०२१ ला इंदूर शहरात कमिश्नर सिस्टिम आली, म्हणजे शहराचे पोलीस कमिश्नरकडे गेले, बेटमा, सांवेर, सिमरोल, मानपूर हे सगळं ग्रामीण एसपींकडेच राहिलं. तोच आरक्षक (कॉन्स्टेबल) पावसाळ्यात तिंछा धबधब्यावर उभा, तोच एबी रोडच्या (आग्रा-मुंबई रस्ता) ॲक्सिडेंटला, तोच समन्स वाटायला. १ नोव्हेंबर २०१५ ला डायल १००, म्हणजे फोनवर पोलिसांची गाडी बोलवायची सेवा, सुरू झाली तेव्हा अख्ख्या मध्य प्रदेशाला गाड्या १०००, म्हणजे सरासरी तीनशे चौरस किलोमीटरमागे एक.

आमच्या शेतावरही केबल गेली होती. रात्री दोनला फोन केला, गाडी आली पाऊण तासाने, त्यात एक प्रधान आरक्षक (हेड कॉन्स्टेबल) आणि ड्रायव्हर. तो प्रधान आरक्षक उकिडवा बसला, टॉर्चमध्ये कापलेलं टोक बघितलं, तांबं अजून चमकत होतं, म्हणाला कोटवाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, उठवा. कोटवार आला आणि जळक्या रबराचा वास धरून आम्ही नाल्यापर्यंत गेलो तर राख गरम होती, तांबं काढून नेलेलं. तेवढ्यात वायरलेसवर पंचवीस किलोमीटरवरच्या मारामारीचा कॉल आला आणि त्याला जावं लागलं. त्याला काम येत होतं हो, वेळच नव्हता.

काकांच्या आवेदनाची शिक्का मारलेली कॉपी असेल तर जपून ठेवा. आता बीएनएसएस या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम १७३ खाली लेखी तक्रार थेट ग्रामीण एसपींना पोस्टाने पाठवता येते, रजिस्टर्ड करा, तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. एफआयआर झाली की कॉपी फुकट मिळते, तिचे पैसे कोणाला देऊ नका. रविवारी काकांना घेऊन घरी या, अर्ज मी लिहून देतो, आणि थान्यात जायचं असेल तर सोबत येतो.