तेलपुरवठ्याच्या अंदाजांवर शंका का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप दोन आहेत. 2005 च्या सुमारास ‘तेल आटत चालले’ अशी हाकाटी करणारे अमेरिकेतील शेल तेलामुळे, म्हणजे घट्ट खडक फोडून काढलेल्या तेलामुळे, तोंडघशी पडले, हा पहिला. आणि दरवर्षी जगाच्या तेलाचे अंदाज मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेकडे एवढे तज्ज्ञ असताना माझ्यासारख्याने त्यांच्या आकड्यांवर शंका घेणे हा उद्धटपणा आहे, हा दुसरा.

पहिला आक्षेप मी आढेवेढे न घेता मान्य करतो. अमेरिकेचे कच्च्या तेलाचे उत्पादन 2008 मध्ये दिवसाला सुमारे 50 लाख पिंपे होते, ते 2023 मध्ये जवळपास 1 कोटी 29 लाखांवर गेले. मात्र 2008 च्या अधिकृत अंदाजांतही ही वाढ नव्हती, हे आपण लक्षात घ्यावे.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझी शंका आकडा काढण्याच्या रीतीवर आहे. या संस्थेच्या त्या काळच्या अहवालांत आर्थिक वाढ आणि भाव यांवरून जगाची मागणी आधी ठरवली जाई, तिच्यातून ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेबाहेरच्या देशांचे अपेक्षित उत्पादन वजा केले जाई, आणि जे उरेल ते ओपेकचे, विशेषतः आखाती देश पुरवतील असे धरले जाई. तेवढे तेल त्या क्षेत्रांतून खरोखर निघेल का, याची स्वतंत्र पडताळणी फारशी होत नसे. घरखर्च मांडताना कमी पडणारी रक्कम ‘गावाकडून येईल’ म्हणून जमेच्या बाजूला लिहावी, तसे हे आहे. 2004 च्या अहवालाने 2030 साठी दिवसाला सुमारे 12 कोटी 10 लाख पिंपांचा अंदाज दिला. 2008 च्या अहवालात तोच अंदाज 10 कोटी 60 लाखांवर आला. चार वर्षांत कागदावरून गळालेले हे तेल सौदी अरेबियाच्या रोजच्या उत्पादनाहून अधिक आहे.

असे का झाले? 2008 मध्ये संस्थेने प्रथमच सुमारे 800 तेलक्षेत्रे एकेक करून तपासली, आणि उत्पादनाचे शिखर ओलांडलेल्या क्षेत्रांचे उत्पादन वर्षाला 6.7 टक्क्यांनी घटते असे आढळले. आदल्या वर्षीच्या अहवालात हा दर 3.7 टक्के होता. तो आधीचा आकडा म्हणजे एक गृहीतक होते, असे संस्थेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ फतिह बिरोल यांनी एका मुलाखतीत सांगितले. ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले याचा मला आदर आहे. पण तोवर किती सरकारांनी आपली धोरणे त्या गृहीतकावर उभी केली असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

घट कशी येते ते मेक्सिकोच्या कांतारेल या समुद्रातील तेलक्षेत्रात पाहावे. समुद्रावर तेलाचा तवंग पाहणाऱ्या एका कोळ्याचे नाव या क्षेत्राला मिळाले. 2000 पासून तिथे जमिनीखाली नायट्रोजन वायू भरून दाब टिकवला, उत्पादन चढले, आणि 2004 मध्ये ते दिवसाला 21 लाख पिंपांच्या आसपास पोहोचले. वरचा वायूचा थर खाली सरकत विहिरींच्या तोंडाशी आला तसे उत्पादन कोसळले. 2009 मध्ये ते सात लाखांच्याही खाली होते.

शेलच्या बाबतीतही सरकारी आकडा डोळे मिटून घेता येत नाही. कॅलिफोर्नियातील माँटेरे शेलमधून काढता येण्याजोग्या तेलाचा अंदाज अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाने 2014 मध्ये एका फटक्यात 96 टक्क्यांनी उतरवला. शिवाय शेलच्या विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक घटते, म्हणून नव्या विहिरी खणणे थांबवता येत नाही. तेल-वायू उत्पादनातली जवळपास 90 टक्के गुंतवणूक ही घट भरून काढण्यातच जाते, हे त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने 2025 मध्ये मांडले आहे.

आपला देश गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. म्हणून नवा अहवाल हाती आला की मी एकूण बेरजेकडे नंतर वळतो. आधी ओपेकच्या रकान्यातला आकडा क्षेत्रांच्या मोजणीतून आला आहे की वजाबाकीतून उरला आहे, ते तपासतो. आपणही तो रकाना पाहावा आणि माझे कुठे चुकत असेल तर जरूर कळवावे.